डाग मारल्याचे नव्हते

माझ्या थोरल्या जावेला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, पोरगी शाळेत जायला लागली, आता सोडून दे. सांगणाऱ्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्यातल्या निम्म्या त्या दिवशी अंगणवाडीत हजर होत्या, आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळं त्यांचं मी ऐकून घेते आणि शिलाई मशीनवर बसते.

आमचं गाव लोहाऱ्याहून माकणीला जाताना लागतं. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि आम्ही दोघं. दीर शेत बघायचे. माझे मालक लोहारा-माकणी काळीपिवळी जीप चालवायचे, अजूनही चालवतात. मी ओसरीत मशीन मांडून ब्लाऊज शिवायचे. आणि थोरल्या जाऊबाई गावच्या अंगणवाडीच्या सेविका. मी त्यांना अक्का म्हणायचे.

अक्कांच्या शब्दाला गावात वजन होतं. गावातलं प्रत्येक लेकरू त्यांच्या वजनकाट्याच्या झोळीत लोंबकळून मोठं झालेलं. कुणाचं बाळ वाळत चाललंय, कुणाची सून जेवत नाही, कुणाला दवाखान्यात न्यायला पाहिजे, हे अक्का दारात उभ्या राहून सांगायच्या आणि घरातला म्हातारासुद्धा ऐकायचा. त्या वाईट बाई होत्या असं मी म्हणत नाही. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मी केव्हाच विसरून गेले असते. माझ्या बाळंतपणात पाच आठवडे त्यांनीच मला शेक दिला. त्यांना दोन मुलगे, दोघंही शिकायला लातूरला. घरातली पहिली मुलगी माझी. जन्मल्यावर माझ्यानंतर तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते अक्कांनी.

नऊ महिने पूर्ण झाले तेव्हा गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. महिन्यातला एक बुधवार लसीचा. सरकारी दवाखान्याच्या सिस्टर लोहाऱ्याहून स्कुटीवर यायच्या, मागं लसीचा डबा बांधलेला. मुसलमान घरातल्या, बुटक्या, तोंडानं फटकळ. लेकरू रडायच्या आत सुई बाहेर काढायच्या. माझ्या मुलीच्या उजव्या दंडात टोचलं, कार्डावर लिहिलं आणि म्हणाल्या, "ताप येईल. आठ-दहा दिवसांनी बारीक पुरळ पण येईल, ते जातं. दुसरं काही वेगळं दिसलं तर मला फोन कर. लाजायचं न्हाय."

ताप आला, गेला. पुरळही चार ठिकाणी आलं आणि गेलं. मी निर्धास्त झाले.

लस होऊन दोन आठवडे झाले तेव्हा, तिला न्हाऊ घालताना, पोटरीवर लाल ठिपके दिसले. सुईच्या टोकाएवढे. पहिल्या पुरळावर बोट दाबलं की ते फिकं व्हायचं, हे दाबलं तरी तसंच लाल राहत होतं. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "घामोळ्या असतील, उन्हाचं." मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. सिस्टरांना फोन केला नाही. ही चूक माझी. ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

दोन दिवसांनी तिच्या पाठीवर निळसर वण दिसला. आणि काखेखाली, दोन्ही बाजूंनी, चार-चार लांबट डाग. लेकराला आपण काखेत हात घालून उचलतो, तिथं बरोबर बोटं उमटल्यासारखे. मी माझी बोटं त्यावर ठेवून बघितली. जुळली. मी एवढं जोरात धरते का हिला, असा विचार करत मी दिवसभर तिला तळहातावर घेतलं, बोटं न लावता.

दुसऱ्याच दिवशी वजनाचा दिवस होता.

अंगणवाडीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. अक्कांनी माझ्या मुलीचं झबलं काढलं, झोळीत ठेवायला उचललं आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी तिला फिरवलं, पाठ बघितली, काख बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे काय केलंस गं?"

"काय न्हाय अक्का. आपोआप आलंय. मी तुम्हाला दाखवणारच होते."

"आपोआप? बोटं आपोआप उमटत्यात व्हय?"

त्यांनी लेकराला बायांकडं वळवून धरलं. एकजण "अगं माय" म्हणाली. दुसरी, आमच्या शेजारची, म्हणाली की परवा दुपारी मी मोठ्यानं ओरडत होते ते तिनं ऐकलं. ओरडले होते मी. शेळीवर. शेळीनं गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजपीसचा कोपरा खाल्ला होता. पण त्या खोलीत, उघडं लेकरू अक्कांच्या हातात असताना, शेळीचं सांगणं मलाच खोटं वाटायला लागलं.

"मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय," अक्का म्हणाल्या. "मारलेलं लेकरू कसं वळखायचं ते. मला शिकवू नको."

लेकरू त्यांनी माझ्या हातात परत दिलं नाही. तसंच खांद्यावर टाकून त्या घरी निघाल्या. मी मागं चालत होते, रिकाम्या हातानं, पूर्ण गल्लीतून.

घरी सगळे जमले. माझ्या मालकांना गाडीवरून बोलावून घेतलं. अक्कांनी मुलीला खाटेवर ठेवून एकेक डाग दाखवला. सासरे मान खाली घालून ऐकत होते. मी रडत सांगत होते की मी हात लावला नाही, माझ्या आईची शपथ, लेकराची शपथ. अक्का शांत होत्या. त्यांचा तो शांतपणा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. त्या म्हणाल्या, "मी काय हिला पोलिसात देत न्हाय. घरची हाय. बाळंतपणानंतर होतं काही बायांचं डोकं असं. चार दिवस माहेरी जाऊ द्या. लेकरू इथं राहील, माझ्याजवळ."

"अंगावर पितंय ते," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"बाटली देते मी."

मी मालकांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, पण तोंडाकडं नाही. माझ्या हातांकडं. मीही माझ्या हातांकडं बघितलं. मग ते म्हणाले, "जा चार दिवस."

माझं माहेर तामलवाडीला, तुळजापूर तालुक्यात. मालकांनी मला लोहाऱ्याला एसटीत बसवलं, तिकीट काढून दिलं आणि गाडी सुटायच्या आत निघून गेले. रस्त्यानं माझा ब्लाऊज दुधानं भिजत होता. पदर दोन्ही बाजूंनी ओढून बसले होते मी. शेजारची बाई म्हणाली, "लेकरू कुठं ठेवलंस गं?" मी म्हणाले, "आजीकडं."

माहेरी आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदाच विचारते. उचललास का हात?"

"न्हाय."

तिनं परत विचारलं नाही. पण एकदा विचारलं, हेही मला लागलं. ज्या बाईनं मला जन्म दिला तिलाही विचारावंसं वाटलं, एवढी अक्कांची खात्री दांडगी होती. वडील आणि भाऊ गाडी करून भांडायला निघाले होते. मीच अडवलं. म्हणाले, भांडलात तर लेकरू आणखी चार दिवस लांब जाईल.

तीन दिवस मी न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकलं. छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा. मोरीतून वाहणारं ते पांढरं पाणी बघत मी मनात एकेक गोष्ट ठरवत गेले. अक्कांना काय म्हणायचं, कुणासमोर म्हणायचं, कसं म्हणायचं. लोक म्हणतात राग आंधळा असतो. माझा नव्हता. मला सगळं लख्ख दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला.

"नाकातून रक्त येतंय," ते म्हणाले. "तास झाला. थांबत न्हाय. हिरड्यातून पण येतंय."

मागून अक्कांचा आवाज येत होता, काहीतरी "नाक चिमटीत धरा" असं.

मी म्हणाले, "आता कुणी मारलं?"

मागून अक्कांचं सांगणं चालूच होतं. मी परत म्हणाले,

"मी चार दिवस इथं हाय. आता कुणी मारलं, विचारा त्यांना. माझ्यासमोर विचारा."

"अगं, लेकरू..."

"सोलापूरला आणा. मोठ्या दवाखान्यात. मी निघाले."

तामलवाडीहून सोलापूर जवळ. भावानं मोटारसायकलवर नेलं. आम्ही आधी पोचलो आणि लेकरांच्या दवाखान्याच्या गेटात उभे राहिलो. काळीपिवळी आली तेव्हा मुलगी अक्कांच्या मांडीवर होती. अक्कांचा पदर रक्तानं भरला होता. मी काही न बोलता लेकरू उचललं. या वेळी बोटं लावून, घट्ट.

डॉक्टर वयस्कर होते. मुलीचे कपडे काढले, डाग बघितले आणि मला सरळ विचारलं, "कुणी मारलंय का हिला?"

मला धक्का बसला नाही. मी म्हणाले, "न्हाय. पण घरातले म्हणतात मी मारलं."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बघू रक्त काय म्हणतंय." त्यांनीही विचारलं, पण विचारल्यावर तपासलं. एवढा साधा फरक होता, आणि मी तो आयुष्यभर विसरणार नाही.

रिपोर्ट तासाभरात आला. डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना खोलीत घेतलं. मी, माझा भाऊ, मालक, आणि दाराशी अक्का.

"रक्त थांबवायला रक्तात बारीक पेशी असतात, प्लेटलेट म्हणतात," ते म्हणाले. "हिच्या फारच कमी झाल्यात. त्यामुळं नुसतं धरून उचललं तरी आत रक्त साकळतं. हे ठिपके, हे डाग, नाकातलं रक्त, सगळं त्याचंच."

मी म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे हे मारल्यानं झालं न्हाय?"

"नाही."

"परत एकदा सांगा. ह्या दारात उभ्या हायेत त्यांना ऐकू आलं नसंल."

डॉक्टरांनी अक्कांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं तोंड करून सावकाश म्हणाले, "हे मारल्याचे डाग नाहीत."

मला त्या क्षणी बरं वाटलं. लेकराच्या नाकात कापूस होता आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना मी लपवत नाही.

मग त्यांनी कारण सांगितलं. शरीर कधीकधी चुकून स्वतःच्याच पेशी मारायला लागतं. लहान लेकरांत बहुतेक वेळा एखाद्या तापानंतर, सर्दीनंतर होतं. आणि फार क्वचित, गोवराच्या लसीनंतरही होतं. लस होऊन तीन आठवडे झालेले, मध्ये दुसरा आजार नाही, म्हणून लसीमुळंच असावं असं त्यांना वाटत होतं. "अगदी खात्रीनं कुणी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण यातली बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतात. आणि खुद्द गोवर झाला तर त्यानंही हेच होतं, वर मेंदूला, फुप्फुसाला, डोळ्याला धोका. म्हणून लस चुकीची होती असं मनात आणू नका."

मुलीला पाच दिवस ठेवून घेतलं. शिरेतून औषध दिलं. पहिल्या दिवशी तिनं माझं दूध घेतलं नाही, तोंड फिरवलं, चार दिवसांत तिला बाटलीची सवय झाली होती. मी तोंड दाबून रडले. संध्याकाळी मात्र ती आपणहून वळली आणि प्यायला लागली. वॉर्डात एकाच माणसाला राहायची परवानगी होती. पण भेटायला घरचे येऊ शकत होते. अक्का दोनदा आल्या. मी आयाबाईला सांगून ठेवलं होतं, "ही बाई आत यायची न्हाय." अक्का जिन्यात बसून राहिल्या. एकदा त्यांनी झबलं पाठवलं, नवीन. मी ते शेजारच्या खाटेवरच्या लेकराला देऊन टाकलं.

सुट्टी मिळताना मी डॉक्टरांना म्हणाले, कागद सगळा इंग्रजीत आहे, मला खाली दोन ओळी मराठीत लिहून द्या. त्यांनी विचारलं काय लिहू. मी सांगितलं. त्यांनी हसून नाही, अगदी गंभीरपणे लिहिलं, की अंगावरचे डाग आजाराचे आहेत, मारहाणीचे नाहीत, आणि खाली सही केली. लोहाऱ्याला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तो कागद लॅमिनेशन करून घेतला. दुकानदार म्हणाला, "दवाखान्याचे कागद कुणी लॅमिनेशन करतं का?" मी म्हणाले, "मी करते."

घरी आल्यावर मालकांनी अंगणात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या आईवडिलांसमोर हात जोडले. "चुकलं माझं. मी तुझ्याकडं बघायला पाहिजे होतं." त्यांना मी माफ केलं. लगेच नाही, पण केलं. आमची चूल त्याच आठवड्यात वेगळी झाली.

अक्का मात्र म्हणाल्या, "मी लेकराच्या भल्यासाठीच केलं." तेच वाक्य, घरात, गल्लीत, अंगणवाडीत. चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

मुलीचे डाग आधी हिरवे झाले, मग पिवळे, मग गेले. दीड महिन्यात रक्तातल्या पेशी भरून आल्या. पण गावात बातमी पसरली होती, आणि पसरताना बदलली होती. लसीनं पोरीचं रक्त नासलं, अशी.

पुढच्या लसीच्या बुधवारी अंगणवाडीत सतरंजी रिकामी राहिली. सिस्टर डबा घेऊन बसल्या होत्या. अक्का दारोदार फिरत होत्या. मला मशीनवरून सगळी गल्ली दिसते. त्या एका दारात जायच्या, बाई मान हलवायची, दार लागायचं. ज्या बाईचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता, तिच्या तोंडावर दारं लागत होती. माझ्या एका वाक्यानं ती उघडली असती. मी पायडल मारत राहिले. एका ब्लाऊजची बाही उलटी लागली, तरी मी खुशीत होते.

त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. आता वरून विचारणा झाली. सुपरवायझर बाई गाडीतून आल्या आणि अंगणवाडीच्या ओट्यावर अक्कांना बोलल्या. मी मुलीला कडेवर घेऊन समोर उभी राहून ऐकलं. मुद्दाम. अक्कांनी मला बघितलं, हेही मला पाहिजे होतं.

त्या दुपारी सिस्टर माझ्या दारात आल्या. पाणीही घेतलं नाही.

"मी तुला फोन कर म्हणून सांगितलं होतं. का केला न्हाईस?"

मी मशीनवरचं कापड सारखं करायला लागले.

"मला कळल्यावर मी वर कळवलं. डॉक्टर येऊन फॉर्म भरून गेले ना तुझ्याकडून? माझं काम मी केलं. आता तू काय करतीयेस?"

"मी काय केलं? मी कुणाला काही बोलले न्हाय."

"तेच तर. बोलत न्हाईस." त्या ओसरीच्या कडेला टेकल्या. "तुझं भांडण अक्काशी हाय ना? अक्काला गोवर होणार हाय का? होईल तो ह्या गल्लीतल्या लेकरांना. माझी खाला, माझ्या अम्मीची बहीण, लहानपणी गोवर झाला तिला. दोन्ही डोळे गेले. साठ वर्षांची हाय आता. अजून भिंत चाचपत चालती. जाऊन बघ एकदा लोहाऱ्यात."

त्या स्कुटी चालू करून निघून गेल्या. मला लाज वाटली, हे खरं. पण लाजेनं राग गेला नाही. मला दोन्ही पाहिजे होतं. लेकरांना लस पाहिजे होती आणि अक्कांना शिक्षा पाहिजे होती. दोन दिवस विचार केल्यावर मला कळलं की ही दोन्ही कामं एकाच जागी बसून होतात.

पुढच्या लसीच्या बुधवारी मी मुलीला आणि लॅमिनेशन केलेला कागद घेऊन अंगणवाडीच्या दारात जाऊन बसले. आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिला होता, माझ्याकडून ऐकायचं असेल तर या. बाया आल्या. लसीसाठी नाही, ऐकायला आल्या. मी सांगायला सुरुवात केली. लस कधी दिली, ताप किती दिवस, ठिपके कधी आले, दाबून फिके होत नव्हते हे कसं ओळखायचं. सिस्टरांना फोन न करून मी कशी चुकले. मग मी आतल्या बाजूला बघितलं. अक्का सतरंजी अंथरत होत्या.

"आणि मग वजनाच्या दिवशी," मी म्हणाले, "इथं, ह्याच काट्यापाशी, ह्या बाईंनी माझं लेकरू उघडं करून तुमच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या मी मारलं. तुमच्यातल्या ज्या होत्या त्यांनी सांगा."

कुणी मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं. एसटी, न्हाणी, दूध, नाकातलं रक्त. कागदावरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाले, "असं फार क्वचित होतं. माझ्या लेकराला झालं आणि ते बरं झालं, हे बघा. लस न देता खुद्द गोवर झाला असता तर ते बरं झालं असतं का, मला माहीत न्हाय. टोचून घ्या, डोळे उघडे ठेवा, आणि काही दिसलं तर कुणाचं न ऐकता रक्त तपासायला न्या."

त्या दिवशी सात लेकरांना लस मिळाली. सिस्टर जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. अक्का सतरंजी गुंडाळायला लागल्या.

मी दर महिन्याला जायला लागले. नवीन बाळंतिणी, नवीन सुना, प्रत्येकीला पूर्ण गोष्ट. एकही वाक्य गाळलं नाही. अक्कांना तिथून उठता येत नव्हतं, कारण ते त्यांचं कामच होतं. त्यांनी कार्ड काढायची, लेकरू धरायचं, आणि माझं ऐकायचं.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा दुसऱ्या डोसाची वेळ आली. मी सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, सगळं ठीक होतं. ते म्हणाले, द्यायला हरकत नाही, इथंच देऊ, नंतर लक्ष ठेवू. मी मुलीला मांडीवर घट्ट धरलं आणि देऊ दिला. नाही दिला असता तर अंगणवाडीच्या दारात बसायला मला तोंड राहिलं नसतं. पुढचे सहा आठवडे मी तिला न्हाऊ घालताना श्वास रोखून काखा बघायचे. अक्का रोज सकाळी मधल्या भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज काही दिसलं का गं?" त्यांच्या आवाजात काळजी होती, मला कळत होतं. मी एकदाही उत्तर दिलं नाही. न्हाणीचं दार ओढून घ्यायचे. काहीही दिसलं नाही. तेही मी त्यांना सांगितलं नाही, गल्लीतून कळू दिलं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका बुधवारी, सगळ्या बाया गेल्यावर, अक्का सतरंजी गुंडाळता गुंडाळता खाली बसल्या.

"आता पुरे कर गं."

"काय पुरे करू? लसीचं सांगणं का तुमचं?"

"माझं."

"तुम्ही माझं लेकरू चार दिवस ठेवलंत. मी महिन्याचे दोन तास घेते."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"विचारलं असतं तरी भलंच झालं असतं, अक्का. आधी दवाखान्यात नेऊन मग मला हाकललं असतं तरी चाललं असतं."

त्या रडायला लागल्या. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून, खांदे हलत होते. मला वाटलं होतं की त्या रडल्या की माझं पोट भरेल. तसं काही झालं नाही. मी चप्पल घातली आणि घरी आले, पण मशीनवर मन लागलं नाही. सुई दोन वेळा मोडली.

तरीही मी जायचं थांबवलं नाही. फक्त त्या रडल्या हे मी कुणाला सांगितलं नाही. एवढी सवलत दिली.

गेल्या वर्षी वजनाच्या दिवशी मी मुलीला घेऊन गेले होते, तेव्हा एक नवीन बाई आली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, लेकरू वर्षाचं. अक्कांनी वजनासाठी त्याचे कपडे काढले आणि मांडीवर निळा डाग होता. नडगीवर आणखी दोन. अक्कांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी लेकराला दुपट्यात गुंडाळलं, बाईला कपाटामागं कोपऱ्यात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "पडलं होतं का गं? ताप आला होता का? लस कधी झाली?" मग सिस्टरांना फोन. मग बाहेर येऊन माझ्या मालकांना फोन, काळीपिवळी घेऊन या म्हणून. स्वतः लोहाऱ्याला गेल्या, रक्त तपासून आणलं. रक्त चांगलं होतं. लेकरू चालायला शिकत होतं, उंबऱ्यावर आपटलं होतं, बस्स.

ती बाई दुसऱ्या दिवशी येऊन अक्कांच्या पाया पडली. "तुम्ही किती नीट विचारलंत," म्हणाली. मी समोरच होते. मला बरं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही थोडं. पण त्याहून जास्त मला राग आला. एवढंच करायचं होतं त्यांना. कोपऱ्यात नेऊन तीन प्रश्न. माझ्या वेळी तो कोपरा तिथंच होता, ते कपाटही होतं.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त होणार आहेत. परवा मधल्या दारातून आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, मी बोलावलं नाही. म्हणाल्या, "निरोपाचा कार्यक्रम ठेवणार हायेत बाया. घरातलं कुणीतरी दोन शब्द बोलावं म्हणत होत्या. तू येशील का?"

"येईन की," मी म्हणाले. "आणि बोलेन पण."

त्यांचा चेहरा उतरला. "काय बोलशील?"

मी धागा ओवत राहिले. खरं सांगायचं तर मलाही अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं सगळं बोलावं, कधी वाटतं फक्त त्या बाळंतपणातल्या शेकाचं बोलावं आणि खाली बसावं. पण ते त्यांना मी कळू देणार नाही. वर्षभर त्यांनी विचार करत बसावं, एवढं तरी मला पाहिजेच.